तनखा भाकरीत सांगा

कळंबच्या पोस्टात माझी बदली झाली, तेव्हा गावातला पहिला प्रश्न मला रंगनाथ मिस्त्रींनी विचारला. नाव नाही, गाव नाही. खिडकीच्या गजांतून आत वाकून ते म्हणाले, "मास्तर, तनखा किती?"

मी सांगितला. थोडा वाढवून सांगितला, हे ओघानं आलंच.

"रुपयात नगं. भाकरीत सांगा."

मला काही कळेना. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या पोस्टाच्या पांढऱ्या भिंतीवर सरळ हिशेब मांडला. तुळजापुरात तुमचं घर स्वतःचं, व्हय? व्हय. दूध भावाच्या म्हशीचं? व्हय. इथं भाडं, इथं दुधाचा रतीब, इथं पाणी आणणाऱ्या बाईला वेगळे. उरलेल्या रुपयांची ज्वारी किती, त्या ज्वारीच्या भाकरी किती, असं करत करत त्यांनी खाली रेघ ओढली आणि माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"तुळजापुरात तुमाला जास्त भाकरी मिळत व्हत्या, मास्तर. हितं तुमी दहा रुपयं जास्त घिऊन उपाशी मराया आलाव."

ती बदली बढतीची होती. नातेवाइकांत मी पेढे वाटून आलो होतो. घरी जाऊन बायकोला हा प्रकार सांगितला, तर ती म्हणाली, "मी वेगळं काय म्हणत होते?" त्या दिवसापासून मिस्त्रींवर माझा राग होता, आणि रोज चहाही त्यांच्याबरोबरच होता.

रंगनाथ मिस्त्री म्हणजे त्या भागातले इंजिनांचे वैद्य. विहिरींवर नुकती तेलावरची इंजिनं येऊ लागली होती. इंजिन बंद पडलं की शेतकरी बैलगाडी घेऊन यायचा आणि मिस्त्रींना घेऊन जायचा. मिस्त्री तिथं गेल्यावर आधी काहीच करायचे नाहीत. इंजिन सुरू करायला लावायचे, स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "खोकला न्हाय, दमा हाय." आणि दमा काढून द्यायचे. गावातल्या पिठाच्या गिरणीचं इंजिनही तेच दुरुस्त करत. पण गिरणीच्या पिठाची भाकरी मात्र खात नसत. "गिरणीत पीठ भाजतंय. ते खायाचं म्हंजे राख खायाची," असं ते गिरणीवाल्याच्या तोंडावर म्हणत आणि वर दुरुस्तीचे पैसे घेत. त्यांच्या घरी पहाटे जातं चाले. चंद्रभागावहिनी दळत, आणि मिस्त्री अंथरुणात पडल्या पडल्या जात्याचा आवाज ऐकत. तोच त्यांचा गजर.

हे भाकरीचं खूळ आलं कुठून, तेही त्यांनीच एकदा सांगितलं. वडील सुतार. वर्षभर गावाचे नांगर, कुळव भरायचे आणि खळ्यावर धान्य घ्यायचं. पैसा बघायला मिळायचा नाही, पण कणगी भरलेली असायची. पुढं मिस्त्री इंजिनाचं काम शिकले आणि ऐन तरुणपणात तामलवाडीचा नाका ओलांडून सोलापूरला कापडगिरणीत लागले. निजामाच्या मुलखातून इंग्रजाच्या मुलखात. इकडं हाली सिक्का, तिकडं कळदार. कळदार रुपया हालीपेक्षा वजनदार, म्हणून पोरगं खूश. महिना भरला तेव्हा खोलीवाला, खाणावळवाला आणि चहावाला यांनी तो वजनदार रुपया वाटून घेतला. मिस्त्री परतले ते एक पत्र्याची पेटी आणि पोटदुखी घेऊन.

"म्या हाली बघितला, कळदार बघितला, आता हे नवं पैसं बघतोय," ते म्हणायचे. "सिक्का बदलतो, मास्तर. भाकरी तीच ऱ्हाती. भाव काढल्याबिगर पाय काढायचा न्हाय."

तर अशा माणसाला मुंबईच्या एजंटानं कुवेतला बोलावलं.

एजंट बार्शीमार्गे कळंबला आला तोच मुळी घामाघूम होऊन. गळ्यात टाय, हातात कातडी बॅग. तेलाच्या कंपनीला इंजिनाचे फिटर हवे होते. दोन वर्षांचा करार, जायचं-यायचं बोटीचं भाडं कंपनीचं, आणि पगार? त्यानं आकडा सांगितला तेव्हा हॉटेलात बसलेल्या लोकांचे कप बशीतच राहिले. मामलेदारालाही तेवढा नव्हता.

मिस्त्री म्हणाले, "भाकरीत सांगा."

एजंट हसला. मिस्त्री हसले नाहीत. पाणी विकत का फुकट? खोलीत माणसं किती? जेवण कंपनीचं का आपलं? एजंट म्हणाला, तिकडं मिलता है चावल, मटण, मच्छी.

"जवारी?"

"ज्वारी नहीं मिलती."

मिस्त्रींचा चेहरा पडला. पण ते उठून गेले नाहीत. कारण त्यांना एक लेथ घ्यायचा होता. लेथ म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. इंजिनाचा एखादा भाग झिजला की सोलापूरला पाठवावा लागे आणि तोवर शेतातला ऊस मान टाकी. स्वतःचा लेथ असला तर सगळं काम कळंबातच होणार होतं. गावोगाव दुसऱ्याच्या बैलगाडीत बसून फिरण्याऐवजी दारावर 'रंगनाथ मिस्त्री' अशी पाटी लागणार होती. इथल्या कमाईत लेथ येईपर्यंत मिस्त्रींचे हात थरथरू लागले असते. दोन वर्षं कुवेत, आणि लेथ. एवढा सरळ सौदा होता.

एजंटाला त्यांनी सांगितलं, "दिवाळीनंतर या. तवर भाव काढतो."

भाव काढायला मिस्त्री एस.टी.नं थेट परांड्याकडं सोनारीला गेले. तिथला एक माणूस बहारीनला खलाशांचा स्वयंपाकी होता आणि काळभैरवाच्या नवसासाठी घरी आला होता, असं त्यांना कळलं होतं. देवदर्शन राहिलं बाजूला. हे गृहस्थ त्या स्वयंपाक्याला धरून दिवसभर पाण्याचा, साबणाचा, विडीचा भाव विचारत बसले. परत येऊन मला म्हणाले, "मास्तर, तितं पाणी विकत हाय. सावली बी विकतच म्हणायची. पर कागदावर जमतंय."

"मग झालं तर. जा."

"कागदावर सोलापूर बी जमलं व्हतं." आणि पेन्सिल कानामागं खोचत ते म्हणाले, "आधी हितंच कुवेत करून बघतो."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी घर सोडलं. बाजारतळाजवळच्या धर्मशाळेत पत्र्याची एक खोली होती, ती भाड्यानं घेतली. तीन परके गडी आणून खोलीत ठेवले, कारण कुवेतला खोलीत चौघं असतात. पाणी आणणाऱ्या बाईला घागरीचे पैसे देऊ लागले आणि तिनं कमी मागितले तर रागावू लागले. "तुज्या भावानं न्हाय, कुवेतच्या भावानं घे!" ती बाई बिचारी पैसे घेऊन पळत सुटे. स्वतः भात शिजवून खात. भात त्यांना अजिबात आवडत नसे.

आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला ते माझ्या खिडकीशी आले. हातात मनीऑर्डरचा फॉर्म. पैसे पाठवणार रंगनाथ सुतार, मुक्काम कळंब. घेणार चंद्रभागाबाई सुतार, मुक्काम कळंब.

मी म्हणालो, "अहो मिस्त्री, घर इथून दिसतंय! हातात नेऊन द्या. कमिशन कशाला भरता?"

"कुवेतहून हात पुरंल का?"

खाली मजकुराच्या जागेत त्यांनी लिहिलं होतं, 'इकडील सर्व खुशाल. इकडे ऊन फार.' बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती. मी शिक्का मारला. सरकारी नोकराला मनीऑर्डर नाकारता येत नाही.

गावात व्हायची ती चर्चा झालीच. मिस्त्रींना मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून भाऊबंद वर्षानुवर्षं मागं लागले होते, आणि मिस्त्री त्यांना "त्या भाकरी कोण थापणार?" असं काहीतरी तिरपागडं विचारून गप्प करत आले होते. आता ते घर सोडून धर्मशाळेत राहायला गेल्यावर भाऊबंदांच्या अंगात वारं भरलं. एक चुलतभाऊ तर वहिनींकडं जाऊन, "वहिनी, व्यवहार आम्ही बघतो, अंगठा तेवढा द्या," असंही म्हणून आला.

तेव्हा कुठं मला कळलं की मिस्त्री तालीम घेत होते ती स्वतःची नाही. चंद्रभागावहिनी बाजारात कधी गेल्या नव्हत्या. हाली गेला, आणे गेले, नवे पैसे आले, आणि त्यांचा नाण्यांशी असलेला थोडाफार परिचयही संपला. दारावर येणाऱ्या भाजीवालीनं एकदा त्यांना मोड देताना भलतंच गंडवलं, तेव्हापासून त्यांनी पैशाला हात लावणंच सोडलं होतं. अशा बाईला दोन वर्षं एकटी ठेवायची, तर ती टिकते का, हे मिस्त्रींना बघायचं होतं.

आणि बाई टिकली. पहिल्या मनीऑर्डरीला पोस्टमनपुढं अंगठा केला. मग माझ्या बायकोकडं येऊन सही शिकली. 'चंद्रभागा' लिहिताना 'द्र'पाशी त्यांचा हात अडायचा. तो एकदा सुटल्यावर दुसऱ्या मनीऑर्डरीला त्यांनी अशी ऐसपैस सही केली की शिक्क्याला जागा उरली नाही. वाण्याशी भाव करू लागल्या. चुलतभाऊ दुसऱ्यांदा अंगठा मागायला आला, तर म्हणाल्या, "अंगठा संपला, भाऊजी. आता सही हाय, ती मिळायची न्हाय."

एका बाजाराच्या दिवशी मिस्त्री आणि वहिनी भर रस्त्यात समोरासमोर आले. वहिनी थबकल्या. मिस्त्रींनी मान वळवली आणि मोठ्यानं म्हणाले, "म्या हितं न्हाय." वहिनी तोंडाला पदर लावून हसत हसत पुढं गेल्या. मिस्त्री बराच वेळ कांद्याच्या ढिगाकडं बघत उभे राहिले.

मला पहाटे फिरायची सवय होती. दिवाळी जवळ आली असताना एक दिवस मिस्त्रींच्या घराच्या मागून चाललो होतो, तर भिंतीला कान लावून कोणीतरी उभं. चोर म्हणून मी काठी उगारली. मिस्त्री होते. कानाला स्क्रू-ड्रायव्हर, त्याचं दुसरं टोक भिंतीच्या दगडाला.

मी म्हणालो, "काय मिस्त्री, कुवेतहून कधी आलात?"

ते हसले नाहीत. "जातं बंद हाय, मास्तर."

"असेल. आज दळण नसेल."

"रोजच न्हाय. म्या रोज येतोय." त्यांचा आवाज खाली गेला. "एकटीसाठी कोण जातं फिरवतंय? कवातरी मूठभर दळती, शिळंपाकं खाती. पैसं हायेत, जवारी हाय, वाण्याची उधारी न्हाय. समदं जमलं. हेच तेवढं जमंना."

इतका हट्टी माणूस, पण त्या पहाटे त्याचा चेहरा बघून मला गलबलून आलं. मी म्हणालो, "मग नका जाऊ." तेवढ्यात मागचं दार उघडून वहिनीच बाहेर आल्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. कमरेवर हात ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एवढं घर सोडून धर्मशाळेत भात खाल्ला, तो काय जातं ऐकाया? लेथ घ्यायचा हाय ना?"

"तू जेवत न्हाईस."

"जेवीन."

"म्या कसं समजायचं?"

वहिनींनी माझ्याकडं बोट केलं. "हे मास्तर रोज पहाटं हितनंच जात्यात. त्यास्नी ऐकाया सांगा. जात्याचा आवाज रोज येईल. एक दिस चुकायचा न्हाय. मग तर झालं?"

मिस्त्रींनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मान डोलावली.

दिवाळीनंतर एजंट आला. मिस्त्रींनी कराराचं एकेक कलम वाचून घेतलं आणि शेवटी एकच अट घातली: बोटीवर ज्वारीचं एक पोतं बरोबर न्यायची परवानगी. एजंटानं कपाळावर हात मारला आणि कबूल केलं. मिस्त्री गेले त्या दिवशी एस.टी.च्या टपावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीशेजारी ते पोतं होतं. वहिनी स्टँडवर आल्या नाहीत. घरी दळण काढलंय, असा निरोप आला.

आता माझं काम सुरू झालं. रोज पहाटे मिस्त्रींच्या घरामागं थांबायचं आणि जातं ऐकायचं. आवाज रोज यायचा. थंडीत यायचा, पावसात यायचा, एकदा वहिनींना ताप होता तेव्हाही आला. चांगला खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येणारा. कुवेतहून मिस्त्रींची पत्रं यायची ती बहुधा एका ओळीची, 'जातं?' मी उलट टपाली लिहायचो, 'चालू.' त्यासाठी परदेशी टपालाचं तिकीट लागे. माझी बायको म्हणायची, "माझं जातं कधी ऐकलंत का असं?" आमच्याकडं जातं नव्हतं, गिरणीचं पीठ होतं, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. त्यानं काही फायदा झाला नाही.

दोन वर्षं सरली. मिस्त्री आले ते रंगानं काळेभोर, अंगात बुशशर्ट, डोळ्यांवर गॉगल. त्यांच्या पाठोपाठ मुंबईहून लेथ आला; बार्शीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं ट्रकनं. ट्रकमधून तो उतरवायला अर्धा बाजार जमला. दारावर पाटी लागली. चुलतभाऊ सगळ्यांच्या पुढं उभा राहून नारळ फोडत होता.

दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो. वाटलं, मिस्त्री लेथपाशी असतील. ते आत जात्यापुढं बसले होते. वरचा दगड काढून बाजूला ठेवला होता आणि खालच्या दगडावरून ते तळहात फिरवत होते.

"मास्तर, आवाज कसा येत व्हता?"

"तुम्हांला लिहीतच होतो की. रोज यायचा."

"मोठा यायचा?"

"मोठा म्हणजे! गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "दाणं असल्यावर जातं हळू बोलतंय, मास्तर." आणि माझा हात धरून त्यांनी दगडावर ठेवला. दगडावर छिन्नीनं पाडलेल्या टाक्या पार झिजून गेल्या होत्या, तो हाताला काचेसारखा गुळगुळीत लागला. जात्याच्या पाळीशी पीठ नव्हतं, नुसती दगडाची भुकटी होती.

रिकामं जातं फिरवू नये म्हणतात. आमच्याकडं लहान पोरानं खेळता खेळता फिरवलं तरी आजी-आत्या धावून येतात. घरात अन्नाला तोटा येतो, अशी समजूत आहे. वहिनी जुन्या वळणाच्या. पाल चुकचुकली तरी थांबणाऱ्या. आणि त्या बाईनं दोन वर्षं रोज पहाटे उठून, तापात उठून, रिकामं जातं फिरवलं होतं. का, तर कळंबचा पोस्टमास्तर भिंतीपलीकडून जातो आणि कुवेतला पत्र लिहितो.

चुलीपुढनं वहिनींचा आवाज आला. नवऱ्याकडं पाठच होती त्यांची. "मला एकटीला भाकरी ग्वाड लागंना. पर आवाज द्यायचं कबूल केलं व्हतं, तेवढा दिला. लेथ आला न्हवं?"

दगडाला टाक्या घालायला बायका दारावर येतात. त्यांची वाट न बघता छिन्नी-हातोडी घेऊन मिस्त्री स्वतः बसले आणि टाकी घालू लागले. अधूनमधून सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते. दगडाची कच उडते, त्यानं तसं होतं, असं मला सांगितलं. मी ते मान्य केलं.

निघताना म्हणाले, "तनखा बराबर व्हता, मास्तर. पाण्याचा भाव बराबर निघाला, खोलीचा बराबर निघाला. तिच्या भाकरी तेवढ्या म्या फुकट धरल्या."

त्यानंतर त्या घरात एक नवीन पद्धत सुरू झाली. बायकांनी मागून जेवायचं, ही आमच्याकडची रीत. मिस्त्री ताटावर बसत, पण वहिनींनी शेजारी ताट घेऊन पहिला घास खाल्ल्याशिवाय भाकरीला हात लावत नसत. वहिनी लाजून मेल्यासारख्या होत. दारात पाहुणे असले तरी मिस्त्री म्हणत, "आधी तू."

वर्षभरानं एजंट पुन्हा आला. तसाच टाय, तशीच बॅग. मिस्त्रींच्या कामावर कंपनी खूश होती, पगार आता जवळजवळ दुप्पट. मी तिथंच बसलो होतो. लेथ चालू होता, लोखंडाच्या चकचकीत साली खाली पडत होत्या. मिस्त्रींनी मान वर केली नाही.

"भाकरीत सांगा," ते म्हणाले.

एजंट या वेळी तयारीनं आला होता. खिशातून चिठ्ठी काढून त्यानं मोठ्या ऐटीत भाकरींचा आकडा वाचून दाखवला. खोली वजा, पाणी वजा, सगळं वजा करून. आकडा खरोखरच मोठा होता.

मिस्त्रींनी लेथ बंद केला. एकदम शांत झालं, तशी आत परातीत भाकरी थापल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मिस्त्रींनी तिकडं कान दिला.

"ह्या माझ्या झाल्या, सायेब," ते म्हणाले. "तिच्या किती?"